पंधरा दिवस परबबाईंच्या हाताखाली

मुंबईहून परत आले आणि ओटीवर ट्रंक टेकवते न टेकवते तोच सगळ्यांनी विचारलं, राणीची बाग पाहिलीस का, चौपाटी पाहिलीस का, ट्रामगाडीत बसलीस का. नाही, नाही आणि नाही. मी पाहिलं घाटकोपर, दोनदा माहुल आणि एक अर्धा दिवस जोगेश्वरीची लेणी. हे ऐकून आपल्या मंडळातल्या बायकांचे चेहरे असे पडले की मलाच वाईट वाटलं. मग अध्यक्षीणबाई म्हणाल्या, जे पाहिलंस ते हस्तलिखितात लिही, निदान पानं तरी भरतील. तेव्हा पानं भरते आहे. बाळंतपणाच्या गोष्टी वाचून ज्यांना कसंसं होतं त्यांनी पुढचं लोणच्याचं पान काढावं, मला राग नाही.

मी का गेले ते बऱ्याच जणींना ठाऊक आहे, पण ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते. हे गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मी दादाकडे आहे. दादा आणि वहिनी मला काही उणं करत नाहीत, पण तेविसाव्या वर्षी माणसाने नुसतं कुणाकडे तरी असावं, हे मला सोसेना. सातवीची फायनल पास झालेली आहे. दिवाळीनंतर मी दादाला सांगितलं की मला सुइणीचं, म्हणजे हल्ली ज्याला मिडवाइफ म्हणतात ते शिक्षण घ्यायचंय, मुंबईला शाळा आहे, दीड वर्षाचा कोर्स. दादा तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, आपल्या घरातली बाई लोकांचा विटाळ काढत फिरणार? मी म्हटलं, हो. अशी आठ दिवस आमची जुंपली होती आणि शेवटी त्याने अट घातली. शाळेच्या अर्जाला एका कामकरी नर्सची चिठ्ठी जोडावी लागते, की ही बाई या कामाला योग्य आहे. तर मी पंधरा दिवस जाऊन काम करावं. चिठ्ठी मिळाली तर अर्ज पाठवायचा. नाही मिळाली तर परत यायचं आणि हा विषय पुन्हा जन्मात काढायचा नाही. मी कबूल केलं. दादाला वाटलं होतं की मी तिसऱ्या दिवशीच रडत परत येईन.

घाटकोपर

माझी मावसबहीण कुसुमताई घाटकोपरला राहते. मुंबईत असून हे गाव मुंबई वाटत नाही. मागे टेकडी, टेकडीच्या पायथ्याशी म्हशींचे गोठे, रस्त्याच्या कडेला ताडाची झाडं. सकाळी पाच वाजता दुधाच्या बरण्यांचा खणखणाट सुरू होतो, त्याने जी जाग येते ती येतेच. कुसुमताईच्या दोन खोल्या आणि चार बिऱ्हाडांत मिळून एक नळ. शेजारी सगळे गुजराती. त्यांच्याकडे चहात पुदिना घालतात. मला पहिल्या दिवशी वाटलं काढा दिलाय, आणि मी मुकाट्याने औषध म्हणून प्यायले. चौथ्या दिवशी मीच मागून घेतला. आपल्याकडे कुणाच्या घरी जायचं तर आधी निरोप, मग पदर नीट, मग ओटीवर हाक. तिथे शेजारीण येते, डबा उघडते, साखर नाही म्हणते आणि आपली वाटी भरून चालू लागते. कुसुमताईसुद्धा आता सगळ्यांना अगं-तुगं करते, दूधवाल्या भय्याला आणि घरमालकालाही.

पण एका बाबतीत ती अजून आपल्या चिपळूणचीच आहे. मी कामाला जायची ते प्रसूतिगृह तिच्या घरापासून पाच मिनिटांवर. मी संध्याकाळी परत आले की ती दारात बादली घेऊन उभी. अंगावरून पाणी घेतल्याशिवाय आत पाऊल नाही. पौषातल्या थंडीत कुडकुडत मी म्हटलं, ताई, मी तिथून निघताना कोपरापर्यंत हात धुऊनच निघते गं. तर म्हणाली, ते तुझे हात झाले, घरात देव आहेत ना. हे म्हणताना ती स्वतःच हसत होती, पण बादली काही खाली ठेवत नव्हती.

प्रसूतिगृह म्हणजे बारा खाटांचं बैठं घर. डॉक्टरीणबाई सकाळ-संध्याकाळ येतात, बाकी सगळा कारभार परबबाईंच्या हाती. परबबाई मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, आता नाही. बांधा ठेंगणा, मनगटं जाडजूड, चष्मा जाडा, पांढरं पातळ घोट्याच्या वर. एरवी मुंबईचं सपाट मराठी बोलायच्या, पण रागावल्या की तोंडातून मालवणी सुटायची. त्यामुळे मला दुरूनच कळायचं की आता वाट लागली. मला नाव विचारलं आणि त्यानंतर एकदाही ते नाव घेतलं नाही. पंधरा दिवस मी 'चिपळूणकरीण' होते.

पहिले तीन दिवस नुसतं उकळणं. कात्री, चिमटे, नाळ बांधायचा दोरा, फडकी. पाणी खदखदायला लागल्यापासून घड्याळावर वीस मिनिटं. मग उकळलेल्या चिमट्यानेच वस्तू उचलायची, तिला हात लावायचा नाही, कशाला टेकू द्यायची नाही. खरं सांगू? मला हसू येत होतं. ओलेत्याने स्वयंपाक करायला मी दहाव्या वर्षी शिकले. पळी कुठे ठेवायची, पदर कशाला लागू द्यायचा नाही, हे मला परबबाईंनी काय शिकवावं. परबबाईंनीसुद्धा पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंना सांगितलं की ह्या मुलीला शिवाशिव बरी कळते. माझी छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी मी पहिलं बाळंतपण पाहिलं. सगळ्या मला विचारतात, चक्कर आली का. चक्कर नाही आली, पण मी घाबरून मोठमोठ्याने स्तोत्र म्हणायला लागले. बाळंतीण होत असलेली ती गुजराती बाई एवढ्या कळा देत असताना माझ्याकडे वळून म्हणाली, बेन, तुम्ही जरा गप्प बसा. परबबाई दिवसभर हसत होत्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला हे एवढं उकळायचं कारण सांगितलं. नाळ कापली की तिथे ताजी जखम असते. मातीत, शेणात, धुळीत एक जंतू असतो, तो कात्रीवरून, विळीवरून, कधी वर लावलेल्या राखेतून त्या जखमेत शिरतो. पाच-सहा दिवस मूल चांगलं पितं, खेळतं. सातव्या-आठव्या दिवशी त्याचं तोंड मिटतं, दूध ओढता येत नाही, अंग धनुष्यासारखं ताठ होतं आणि मग ते जातं. धनुर्वात. परबबाई म्हणाल्या, मी असली बाळं इतकी पाहिली की मोजणं सोडून दिलं. घरी येऊन बादलीभर पाणी अंगावर घेतलं आणि न जेवता निजले.

माहुल

सहाव्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी परबबाई माहुलच्या कोळीवाड्यात पोटुशा बायका तपासायला जात. घाटकोपरहून आधी गाडी, मग बस, मग पायी. तिवरांच्या झाडीतून बांधाबांधाने वाट जाते. एका बाजूला खाडीचा चिखल, त्यात बगळे, सुकत टाकलेली जाळी. आणि मान दुसरीकडे वळवावी तर लोखंडाचे प्रचंड मनोरे, नळ्याच नळ्या आणि गोल टाक्या. नवे तेलाचे कारखाने. आपल्याकडे खाडी म्हणजे खाडीच असते, तिथे खाडीला घासलेटाचा वास. माझी एक चप्पल चिखलाने ओढून घेतली ती परत दिलीच नाही. मी दुसरीही काढून पिशवीत टाकली आणि अनवाणी चालू लागले. परबबाई म्हणाल्या, कोळणी बघून हसतील तुला. हसल्याच.

तपासणी व्हायची ती पारूच्या घरी. पारू एकोणीस वर्षांची, दुसरी खेप, दिवस भरायला अजून दोन आठवडे होते. पण आम्ही पोचलो तर ती खांबाला धरून उभी आणि तिची सासू आमचीच वाट बघत होती. दवाखान्यात न्यायला वेळच नव्हता. आम्ही येणार म्हणून सासूने सकाळीच घर सारवून ठेवलं होतं. अजून ओलसर, बोटांच्या रेघा उमटलेल्या, शेणाचा ताजा वास. मला खोटं बोलवत नाही, त्या घरात सुकटीच्या वासाने माझं नाक मुरडलं होतं, पण ती सारवलेली जमीन पाहून मला घरच्यासारखं वाटलं.

परबबाईंनी चटई टाकली, तिच्यावर आणलेलं फडकं. मला चुलीवर पिटाळलं. कोळ्याच्या चुलीपुढे बसून, त्यांच्याच टोपात, मी कात्री आणि दोरा उकळला. वीस मिनिटं अगदी घड्याळावर. मध्ये पारूचं ओरडणं, सासूचं एकवीरेला हाका मारणं, आणि मग एकदम ते लहानसं रडू. मुलगी झाली. परबबाई माझ्याकडे पाठ करून खाली बसल्या होत्या. त्यांनी दोरा मागितला, मी चिमट्याने दिला, त्यांनी दोन ठिकाणी घट्ट बांधला. मग मागे न बघता उजवा हात लांब केला आणि म्हणाल्या, कात्री.

तो हात रक्ताने भरलेला होता. आणि माझा हात, मी न सांगता, खाली गेला. मी कात्री त्यांच्या गुडघ्याजवळ जमिनीवर ठेवली.

आपल्याकडे कसं असतं ते तुम्हांला मी सांगायला नको. बाळंतिणीला, विटाळशीला, सुतकातल्या माणसाला वस्तू हातात देत नाहीत. खाली ठेवायची, तिने उचलायची. लहानपणापासून हे हजारदा केलेलं. डोक्याला सगळं पाठ होतं, शेण, जखम, आठवा दिवस. पण हाताला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

कात्री ओल्या सारवणावर पडलेली मला दिसत होती. परबबाईंना दिसत नव्हती. सासूचं लक्ष नातीकडे. पारूचे डोळे मिटलेले. मी ती चिमट्याने उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली असती तर जगात कुणाला कळलं नसतं. आणि हेही माझ्या मनात आलं, लाज वाटते पण आलं, की हे सांगितलं तर माझी चिठ्ठी गेली. दादाची ती अट, दादाच्या घरातली माझी ती आतली खोली, सगळा जन्म डोळ्यांपुढून गेला. परबबाईंचा हात तसाच लांब होता.

"बाई, कात्री खाली पडली," मी म्हटलं.

त्या वळल्या नाहीत. हात मागे घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "उकळ परत."

ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. लाकडं ओली, फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी. ते सगळं काही धुराचं नव्हतं. सासू घाबरून गेली. मूल झालंय आणि कापत का नाहीत, काही अडलंय का, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. परबबाईंनी ती पोर नाळेसकट पुसून पारूच्या पोटावर ठेवली, वर फडकं घातलं आणि तिला सांगितलं, बांधलीय ना, काही होत नाही, तोवर बघून घे लेकीला. पारू खरंच बघत बसली. मला तेवढाच धीर आला. दुसऱ्या वेळी मी कात्री नेली ती चिमट्यात धरून थेट परबबाईंच्या बोटांपर्यंत. नाळ कापली. पोर ओरडली. माझा जीव भांड्यात पडला.

सगळं आवरल्यावर सासूने चहा आणला. गुळाचा, बिनदुधाचा, जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पेल्यातून. दादाला हे वाचून काय वाटेल ते वाटो, मी तो प्यायले. इतका चांगला चहा मी आजवर प्यायलेले नाही.

परतीच्या बांधावर परबबाई पुढे आणि मी मागे, दोन्ही पाय चिखलाने भरलेले. अर्धी वाट मागे पडली. मग चालता चालताच म्हणाल्या,

"पडल्याचा आवाज काय ऐकू आला नाही गो मला."

मी थांबले. त्याही थांबल्या. मी म्हटलं, पडली नाही, मी ठेवली. आणि आमच्याकडे कसं असतं ते सांगितलं, आत्ता तुम्हांला सांगितलं तसंच. त्या ऐकून घेत होत्या. मग चष्मा काढून पदराने पुसत म्हणाल्या, "सहा दिवस तू मला चहाचा कप टेबलावर ठेवून देतेस. औषधाची बाटली टेबलावर ठेवून देतेस. मी म्हटलं, असेल बामणाची, माझ्या हाताक हात लावूचो नसात."

देवाशपथ सांगते, मला हे माहीतच नव्हतं. मी आठवू लागले तर खरंच, एकही वस्तू मी त्यांच्या हातात दिली नव्हती. मला त्या आवडत होत्या. मी रोज त्यांच्यापुढे कप टेकवत होते आणि रोज त्या काय समजत होत्या. माझ्यासारख्या ज्या बाईला हळदीकुंकवाच्या दिवशी सगळ्या वळसा घालून जातात तिला तरी हे कळायला हवं होतं ना. मी रस्त्यातच रडायला लागले. परबबाईंनी समजूत वगैरे घातली नाही. चष्मा घातला आणि बस चुकेल म्हणाल्या.

चिठ्ठीबद्दल एक अक्षर नाही. विचारायची माझी हिंमत नव्हती.

हातात दे

शुक्रवारपासून परबबाईंनी नवाच धडा काढला. प्रत्येक वस्तू हातात. बाटली हातात, कापूस हातात, रुग्णाची थाळी तिच्या हातात. मी टेबलाकडे वळले रे वळले की पाठीमागून आवाज यायचा, हातात दे, हात लागू दे. झाडूवालीला झाडूसुद्धा मी हातात दिला. पहिल्या दिवशी माझ्या अंगावर काटा यायचा, हे कबूल करते. वाईट मनाने नव्हे, पण यायचा. तिसऱ्या दिवशी आला नाही.

एकदा त्या म्हणाल्या, "कशाला शिवायचं नाही हे तुला कळतं. इथे येणाऱ्या मुलींना ते शिकवताना माझं अर्धं वर्ष जातं. आता कुणाला शिवायचं तेवढं शीक." मला वाटलं, म्हणजे अजून आशा आहे. तेवढ्यात एक बाई अडलेली आली आणि बोलणं राहिलं.

मधल्या रविवारी माझं तोंड बघून कुसुमताई म्हणाली, चल, तुला कुठेतरी नेते, नाहीतर तू माझ्या घरात सुतक आणशील. आम्ही साकीनाक्यावरून बसने अंधेरीला आणि तिथून जोगेश्वरीला गेलो. वाटेत भातखाचरं, मधूनच एखादा कारखान्याचा पत्रा, पुन्हा खाचरं. लेणी जमिनीच्या पोटात आहेत. पायऱ्या उतरत खाली जायचं, आत थंडगार अंधार, खांबांवरून पाणी पाझरतंय, आणि मध्ये देवी. खांबांवरचं कोरीव काम पाण्याने इतकं झिजलंय की कुठे चेहरा आणि कुठे पदर हे ओळखावं लागतं. कुसुमताईने देवीला नारळ दिला आणि मोठ्याने सांगितलं की हिला चिठ्ठी मिळू दे. गुरव कान टवकारून ऐकत होता. मला मात्र चिठ्ठी मागवेना. माझ्या मनात माहुलची पोर होती. कात्री पुन्हा उकळली होती, हे मला ठाऊक होतं, तरी आठवा दिवस अजून जायचा होता. आम्ही बाहेर येऊन झाडाखाली बसलो, घरून आणलेल्या दडप्या पोह्यांचा डबा उघडला आणि एका बकरीने तो आमच्याआधी अर्धा खाल्ला.

पुन्हा माहुल

तेरावा दिवस. पुन्हा गुरुवार, आणि पारूच्या मुलीचा आठवा दिवस. या खेपेला मी चपला पिशवीतच ठेवल्या होत्या. बांधावरून मी इतक्या झपझप चालले की परबबाईंनी दोनदा हाक मारून थांबवलं. घर दिसू लागलं तसं मी परबबाईंना पुढे जाऊ दिलं. आतून रडण्याचा आवाज नव्हता.

पारू दाराशी बसून जाळ्याच्या दोऱ्या सोडवत होती. पोर तिच्या मांडीवर. परबबाई खाली बसल्या, आधी बेंबी पाहिली. सुकून आली होती, वर राख नाही, काही नाही. सासूने तिथल्या तिथे शपथ घेतली की तुम्ही सांगितलंत तसंच ठेवलंय. मी पोरीच्या तोंडाकडे बघत होते. तिने डोळे किलकिले केले, मूठ गालावर घासली आणि एवढी मोठी जांभई दिली की टाळू दिसली.

"बघ गो," परबबाई म्हणाल्या, "तोंड कसा उघडता ता."

त्यांनी तिला उचललं आणि माझ्या हातात दिलं. माहुलहून परत येताना आम्ही दोघी गप्पा मारत आलो. त्यांनी मला त्यांच्या गावच्या देवळाची, जत्रेची, फणसाची, अशा नाही नाही त्या गोष्टी सांगितल्या. चिठ्ठीचं नाव नाही.

चिठ्ठी

पंधराव्या दिवशी दुपारी परबबाईंनी कागद आणि दौत घेतली आणि माझ्यासमोरच लिहायला बसल्या. त्यांना लिहायला वेळ लागतो. मी खिडकीतून म्हशी मोजत उभी. डॉक्टरीणबाईंची सही घेऊन त्यांनी कागद न चिकटवता माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, खोटं काही लिहिलेलं नाही. मी तो कुसुमताईकडे जाऊन वाचला. इथे जशीच्या तशी उतरते:

"या बाईने पंधरा दिवस काम केले. हात स्वच्छ आहेत. न सांगता काम करते. सहाव्या दिवशी हिने उकळलेली कात्री जमिनीवर ठेवली. कोणी पाहिले नव्हते. आपणहून सांगितले. पुन्हा उकळून वापरली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. हिला शिकवावे."

कुसुमताई म्हणाली, अगं, मिळाली की. त्या दिवशी बादली दारात नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, पाणी आज लवकर गेलं.

चिपळूणला आले त्या दुपारी दादाने चिठ्ठी मागितली. तो झोपाळ्यावर, वहिनी उंबऱ्याशी सूप घेऊन तांदूळ निवडत होती. दादाने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि कात्रीपाशी थांबला. उरलेलं मनात वाचलं. मग म्हणाला, अशी चिठ्ठी अर्जाला जोडतात का कुणी? बाईंना लिहून दुसरी मागव, ती मधली वाक्यं वगळून. आणि मग मला विचारलं,

"कोणी पाहिलं नव्हतं ना? मग सांगितलंस कशाला?"

मी त्याला सांगितलं. सारवण, शेण, ताजी जखम, पाच दिवस चांगलं असलेलं मूल, आठव्या दिवशी मिटणारं तोंड. सांगताना मी वहिनीकडे बघितलं नाही. सुपाचा आवाज थांबला होता.

यापुढचं मी वहिनीला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, लिही, बायकांना कळू दे. वहिनीला आता दोन मुली आहेत, पण त्यांच्याआधी एक मुलगा झाला होता. मी तेव्हा सासरी होते, मला नुसतं पत्र आलं. तो आठव्या दिवशी गेला. तोंड मिटलं, दूध सुटलं, अंग ताठ झालं. घरात कुणी त्याला आजार म्हटलं नाही. पाचवीच्या रात्री बाळाच्या आईने जागायचं असतं, देवीपुढचा दिवा सांभाळायचा असतो. वहिनीच्या अंगात ताप होता, तिचा डोळा लागला आणि दिवा विझला. सगळे म्हणाले, पूजेत उणं राहिलं, सटवाई कोपली. आमची आईही म्हणाली, दादाही म्हणाला असेल. घाटकोपरला परबबाईंनी धनुर्वात सांगितला त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही ते याच्यामुळे.

वहिनी म्हणाली, "सुइणीने विळीने कापली होती. विळी तिथेच होती, सारवलेल्यावर."

दादा खाली बघत होता. मी म्हटलं, वहिनी, मी पंधरा दिवसांची शिकाऊ, पण मला शिकवलं ते असंच आहे. त्यानेच झालं असणार.

सात वर्षं तिने हे कुणाला विचारलं नव्हतं.

"म्हणजे," ती म्हणाली, "मला झोप लागली म्हणून नाही?"

"नाही, वहिनी. झोप लागली म्हणून नाही."

तिने सूप खाली ठेवलं. उठली, दादाच्या हातातून चिठ्ठी घेतली, नीट घडी केली आणि अर्जाबरोबर पाकिटात घातली.

"आहे तशीच जाऊ दे," ती म्हणाली. "आणि हिलाही जाऊ द्या."

दादाने टोपी घातली आणि उन्हातच पोस्टात गेला.